अनुपस्थित पंच : दोघांच्या पत्ताचालित युद्धखेळांचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

पट, फासे आणि पत्ते ही तिन्ही साधने आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या नांदत आली. परंतु सोंगट्यांच्या पटावर पत्त्याची उतारी होत नसे, आणि सावंतवाडीच्या गंजिफांतील राजा-प्रधानांना कोणताही मुलूख सर करावयाचा नसे. ही तिन्ही साधने एकाच मेजावर आणून त्यांच्या साहाय्याने एखादे प्रत्यक्ष घडलेले युद्ध दोन माणसांनी समोरासमोर बसून पुन्हा लढावयाचे, हा प्रकार अमेरिकेत १९९३ साली आकारास आला, आणि त्यानंतरच्या तीन दशकांत त्याने इतिहासविषयक पटखेळांना जे वळण लावले ते अद्याप मोडलेले नाही.

या खेळांस येथे पत्ताचालित युद्धखेळ असे म्हटले आहे. मेजावर नकाशा पसरलेला असतो, फौजा पुठ्ठ्याच्या सोंगट्यांनी दाखविलेल्या असतात. मात्र फौज हलविण्याचा अखत्यार खेळाडूला मिळतो तो हातातल्या पत्त्यामुळे. पत्त्यावर एक आकडा असतो आणि एक ऐतिहासिक प्रसंग असतो. आकडा वापरला तर फौजा चालतात. प्रसंग वापरला तर एखादे राष्ट्र युद्धात उतरते, एखादे मंत्रिमंडळ कोसळते, एखाद्या आघाडीवर नवी कुमक येते. आणि दोन्ही लाभ एकाच पत्त्यातून पदरात पाडून घेणे बहुधा शक्य नसते. या साध्या युक्तीमुळे युद्धाविषयीची समज वाढते की केवळ खेळाची गोडी वाढते, हा या क्षेत्रातील मुख्य वाद होय.

प्रस्तुत लेखात प्रथम या प्रकाराची पूर्वपीठिका, मग त्याची घडण, मग त्याविषयीच्या प्रमुख भूमिका आणि अखेरीस न सुटलेले प्रश्न अशा क्रमाने विचार केला आहे. खेळ दोघांचा म्हणविला जात असला तरी त्या मेजापाशी एक तिसरा, न दिसणारा माणूसही असतो. तो कोण, आणि त्याचा अंमल कोठवर चालावा, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

२. पूर्वपीठिका : पंच, तक्ता आणि षट्कोनी घर

आधुनिक युद्धखेळाचा इतिहास प्रशियात सुरू होतो. तेथील तोफखान्यातील तरुण अधिकारी गेओर्ग फॉन राइसविट्झ याने आपल्या वडिलांनी सिद्ध केलेल्या खेळास नवे रूप देऊन १८२४ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले, आणि प्रशियन सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी त्याचा स्वीकार केला. या खेळात दोन्ही पक्ष आपापले हुकूम लिहून पंचाच्या हवाली करीत. पंच नकाशावर फौजा हलवी, फासा टाकून व तक्ते पाहून झटापटींचा निकाल देई, आणि प्रत्येक पक्षास त्याच्या चौक्या-पहाऱ्यांना प्रत्यक्षात जेवढे दिसले असते तेवढेच दाखवी. शत्रू टेकडीपलीकडे आहे की नाही, धाडलेला हुकूम वेळेवर पोहोचला की वाटेतच अडकला, ही जी सेनापतीच्या मागे लागलेली कायमची चिंता, ती या खेळात पंचाच्या मौनातून उत्पन्न होत असे. पुढे नियमांचे व तक्त्यांचे ओझे फार झाले अशी तक्रार होऊ लागली, तेव्हा १८७६ साली युलिउस फॉन फेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या विवेकावर निकाल सोपवावा, असा मुक्त खेळाचा पक्ष मांडला. निकाल नियमाने द्यावा की जाणत्याच्या विवेकाने द्यावा, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि पत्त्यांविषयीचा आजचा वाद हे त्याचेच पुढचे प्रकरण आहे.

हा खेळ विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत घरगुती करमणूक म्हणून अवतरला तेव्हा त्यातील पंच मात्र गळून पडला, कारण रात्रीच्या जेवणानंतर दोन मित्र खेळावयास बसले तर त्यांच्यासाठी निःपक्षपाती व युद्धशास्त्रनिपुण असा तिसरा गृहस्थ आणावयाचा कोठून? चार्ल्स रॉबर्ट्स यांनी १९५४ साली 'टॅक्टिक्स' हा खेळ विक्रीस काढला, आणि १९५८ साली त्यांच्या बाल्टिमोर येथील ॲव्हलॉन हिल या संस्थेने 'गेटिसबर्ग' प्रसिद्ध केला. १९६१ पासून या संस्थेच्या नकाशांवर षट्कोनी घरे आली. लढणाऱ्या दोन सैन्यांच्या बळाचे गुणोत्तर काढावयाचे, फासा टाकावयाचा, आणि छापील तक्त्यात निकाल पाहावयाचा, ही रीत सर्वमान्य झाली. पंचाच्या ठिकाणी तक्ता बसला. १९६९ साली जेम्स डनिगन यांनी न्यूयॉर्क येथे दुसरी संस्था उभारली, आणि तिच्या कारकिर्दीत या रीतीचे खेळ शेकड्यांनी निघाले.

तक्ता निःपक्षपाती होता खरा, परंतु तो पंचाप्रमाणे काही लपवू शकत नव्हता. पटावरची प्रत्येक सोंगटी दोघांनाही दिसे. प्रत्येक पाळीस प्रत्येक फौज विनातक्रार हलविता येई. आणि युद्ध ज्या दरबारांतून व मंत्रिमंडळांतून चालविले जाते त्यांचा पटावर मागमूसही नसे. ही उणीव बारकावे वाढवून भरून काढण्याचा प्रयत्न झाला. १९७९ साली उत्तर आफ्रिकेतील मोहिमेवर जो प्रचंड खेळ निघाला त्यात रसदीचा हिशेब इतका सूक्ष्म होता की इटालियन पलटणींना त्यांचा पास्ता शिजविण्यासाठी लागणारे जादा पाणीदेखील वेगळे मोजावे लागे. पण पाण्याचा हिशेब कितीही काटेकोर ठेवला तरी सेनापतीची अनिश्चितता त्यातून निर्माण होत नव्हती, आणि ती निर्माण करणारा पंच तर केव्हाच निघून गेला होता.

३. पत्त्याचा प्रवेश : १९९३ ते १९९९

मार्क हर्मन यांचा 'वुई द पीपल' हा अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावरील खेळ ॲव्हलॉन हिलने १९९३ साली प्रसिद्ध केला, आणि पत्ताचालित प्रकाराचा आरंभ त्यापासून मानला जातो. षट्कोनी घरांची जाळी काढून टाकून हर्मन यांनी नकाशावर ठाणी व त्यांना जोडणाऱ्या वाटा तेवढ्या ठेवल्या, आणि मुलूख जिंकणे म्हणजे त्या ठाण्यांवर आपल्या पक्षाचे राजकीय निशाण लावणे असे ठरविले. सेनापतीला हलवावयाचे तर पुरेशा आकड्याचा पत्ता हाती असावा लागे. मंदगती सेनापतीस मोठा पत्ता लागे, चपळ सेनापतीस लहानही पुरे. युद्धाचा अंत कोणत्या वर्षी व्हावयाचा हेदेखील लंडनमधील लॉर्ड नॉर्थ यांच्या मंत्रिमंडळाच्या पतनाचे पत्ते ठरवीत, त्यामुळे मोहिमेस किती वर्षे उरली आहेत हे दोघांपैकी कोणासही खात्रीने सांगता येत नसे. पंचाच्या मौनातून येणारी ती जुनी चिंता आता पिसलेल्या पत्त्यांतून परत आली होती.

हर्मन यांच्या या खेळात आकड्याचे पत्ते वेगळे होते आणि प्रसंगाचे वेगळे. मार्क सिमोनिच यांनी १९९६ साली 'हॅनिबल : रोम व्हर्सस कार्थेज' या दुसऱ्या प्यूनिक युद्धावरील खेळात दोन्ही एकाच पत्त्यावर आणले, आणि आकडा की प्रसंग ही दुविधा या प्रकाराच्या केंद्रस्थानी आली. रणांगणावरील लढाईसाठी त्यांनी पत्त्यांचा निराळा जोड ठेवला : एकाने समोरून हल्ल्याचा, डाव्या वा उजव्या बगलेचा, किंवा दुहेरी वेढ्याचा पत्ता टाकावा आणि दुसऱ्याने त्यास तोडीस तोड पत्ता द्यावा, ज्याला देता येणार नाही त्याची फौज मोडली. फाशाच्या एका दानाने लागणारा निकाल येथे सवाल-जबाबाप्रमाणे चढत जातो.

१९९८ साली ॲव्हलॉन हिल हॅस्ब्रो या बड्या कंपनीच्या ताब्यात गेली. या प्रकाराचे नेतृत्व कॅलिफोर्नियातील जीएमटी या संस्थेकडे आले ते १९९९ साली निघालेल्या टेड रेसर यांच्या 'पाथ्स ऑफ ग्लोरी' या खेळामुळे. त्याचा विषय पहिले महायुद्ध. दोन्ही पक्षांस पंचावन्न-पंचावन्न पत्त्यांचे स्वतंत्र जोड दिलेले असून एकाच पत्त्याचे चार उपयोग संभवतात : फौजांची चढाई, आगगाडीने वा जहाजाने दूरच्या आघाडीवर रवानगी, खचलेल्या सैन्याची भरती, किंवा छापलेला प्रसंग. हाती सात पत्ते आणि चाली सहा. फ्रान्सच्या आघाडीवर रेटा लावावा तर सर्बियाकडे दुर्लक्ष होते; भरती करावी तर चढाई थांबते; नवी राष्ट्रे युद्धात ओढणारे प्रसंग खेळावेत तर आघाडीवरची फौज त्या चालीपुरती खिळून राहते. युद्ध मर्यादित आहे तोवर सर्वंकष युद्धाचे पत्ते जोडीत मिसळतच नाहीत. ते यावेत यासाठी आपणच युद्ध तापवीत न्यावे लागते. सर्व काही करावयाची इच्छा आणि एकच गोष्ट करण्याची मुभा, हा जो चार वर्षे चाललेल्या त्या युद्धातील मंत्र्यांचा व सेनापतींचा रोजचा पेच, तो सात पत्त्यांत इतक्या घट्टपणे क्वचितच बांधला गेला असेल.

४. एका हाताचे निरीक्षण

या प्रकारास युद्धखेळांच्या मर्यादित वर्तुळाबाहेर नेले ते आनंद गुप्ता व जेसन मॅथ्यूज यांच्या २००५ सालच्या 'ट्वायलाइट स्ट्रगल' या खेळाने. जॉन केनेडी यांच्या १९६१ सालच्या शपथविधीच्या भाषणातून याचे नाव आले असून विषय अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यातील शीतयुद्धाचा आहे. जगभरच्या पटखेळांच्या सर्वांत प्रसिद्ध गुणानुक्रमात २०१० च्या अखेरीपासून सुमारे पाच वर्षे हा खेळ पहिल्या स्थानी होता. त्याची नियमरचना सारांशाने सांगण्यापेक्षा एका हाताचे जवळून निरीक्षण केले तर या प्रकाराचे मर्म अधिक स्पष्ट होईल.

पहिल्या कालखंडातील तिसरी पाळी आहे आणि तिच्या मध्यावर सोव्हिएत पक्षाचा खेळाडू हातातल्या पत्त्यांकडे पाहत आहे, असे समजा. पाळीच्या आरंभी आठ पत्ते मिळाले. एक दोघांनी एकदम उघडावयाच्या मथळ्यासाठी गेला, सहा चालींत सहा जावयाचे, आणि एकच पत्ता पुढच्या पाळीसाठी राखता येतो. खेळाचा एक नियम निष्ठुर आहे : प्रतिपक्षाच्या प्रसंगाचा पत्ता आपण केवळ आकड्यासाठी टाकला तरी तो प्रसंग घडतोच, आधी प्रसंग घडावा की आधी आपली चाल व्हावी एवढेच ठरविणे आपल्या हाती. या खेळाडूच्या हातात अमेरिकेचे दोन पत्ते उरले आहेत. एक 'मार्शल प्लॅन', जो पडला की पश्चिम युरोपातील सात देशांत अमेरिकेचे वजन वाढते. दुसरा 'डक अँड कव्हर'. अण्वस्त्रसज्जतेची जी पट्टी पाचापासून खाली उतरते ती या वेळी दोनवर आहे, आणि 'डक अँड कव्हर' ती आणखी एकाने उतरवितो. पट्टी एकवर आली की अणुयुद्ध भडकते, आणि ज्याच्या चालीत ते भडकले तो हरतो. म्हणजे शत्रूला लाभ देणारा हा पत्ता सोव्हिएत खेळाडूने स्वतःच्या हाताने टाकला तर त्याच क्षणी त्याचाच पराभव ठरलेला.

सुटकेच्या वाटा दोन. अंतराळस्पर्धेत एका पाळीस एक पत्ता बाजूला टाकता येतो व तेथे त्याचा प्रसंग घडत नाही. आणि एक पत्ता राखून ठेवता येतो. पुढच्या पाळीच्या आरंभी पट्टी एकाने वर चढेल, तेव्हा 'डक अँड कव्हर' जिवावर बेतल्यावाचून खेळता येईल. मग तो राखावा आणि 'मार्शल प्लॅन' अंतराळात टाकावा, की उलट? समोरचा खेळाडू यातले काही जाणत नाही. त्याला केवळ इतके दिसते की आपला प्रतिस्पर्धी बराच वेळ विचारात गढला आहे. शीतयुद्धात दोन्ही राजधान्यांतील मुत्सद्द्यांनी शत्रूशी जेवढी झुंज दिली तेवढीच हाती आलेल्या संकटांची निरवानिरव करण्यात बुद्धी खर्चिली. ही गोष्ट एखादा निबंध वाचून पटेल, पण या हातात ती अंगावर येते.

५. प्रमुख भूमिका

या प्रकाराचे समर्थन करणारांची भूमिका प्रथम पाहू. पीटर पर्ला यांनी १९९० सालच्या 'द आर्ट ऑफ वॉरगेमिंग' या ग्रंथात युद्धखेळाचे लक्षण सांगताना, घटनांचा क्रम खेळाडूंच्या निर्णयांवर परिणाम करतो आणि निर्णय घटनाक्रमावर परिणाम करतात, या परस्परसंबंधावर भर दिला आहे. समर्थकांच्या मते पत्त्याने हाच संबंध बळकट केला. प्रशियन युद्धशास्त्रज्ञ क्लाउझेवित्झ याने युद्धातील ज्या घर्षणाचा उल्लेख केला, म्हणजे सोपी गोष्टही रणांगणावर अवघड होऊन बसते तो अनुभव, जुन्या षट्कोनी खेळांत नियमांच्या पुरवण्या जोडूनही येत नव्हता. पत्त्यांच्या टंचाईने तो एका फटक्यात आणला. शिवाय राजकारण, अर्थकारण, जनमत आणि रणांगण ही एकाच चलनात मोजली गेल्यामुळे युद्ध हे राज्यकारभाराचे अंग आहे ही जाणीव खेळाडूस सतत राहते. तिसरा लाभ शिक्षणाचा : प्रत्येक पत्ता हा एका घटनेचा परिचय असतो, आणि एरवी जी नावे सनावळीत विरून गेली असती ती डावामुळे स्मरणात रुजतात.

आक्षेपकांची पहिली तक्रार नेमकी त्या समान चलनाविषयी आहे. योग्य पत्ता हाती नाही म्हणून सुसज्ज फौज महिनोन्महिने जागची हलत नाही, यास ऐतिहासिक कारण कोणते? गॅलिशियातील चढाई आणि मेसोपोटेमियातील चढाई यांनी एकाच पत्त्याच्या आकड्यासाठी भांडावे, याचे समर्थन खेळाच्या तोलाने होते, घटनांच्या कार्यकारणभावाने होत नाही. घर्षण असते ते विशिष्ट असते : चिखल, तुटलेली तार, भित्रा सेनापती. पत्त्यांची टंचाई ही त्या सर्वांची एक सरसकट वजावट आहे. हुकमी पत्ते एकाच्याच हाती आले तर डाव बिघडतो, ही दैवाची तक्रार याच आक्षेपाला चिकटून येते. तिला समर्थक उत्तर देतात की एका फाशाचे दान आंधळे असते, परंतु हात दिसत असतो, आणि वाईट हात चांगला खेळणे हे कौशल्यच आहे.

दुसरा आक्षेप चाकोरीचा. पत्त्यांवर घडलेलेच प्रसंग छापलेले असतात; जे घडू शकले असते पण घडले नाही ते जोडीत क्वचितच येते. त्यामुळे निर्णय खेळाडू घेतो असे भासले तरी डाव इतिहासाच्या चाकोरीतूनच धावतो. यावर समर्थकांचे म्हणणे असे की प्रसंगांचा क्रम बदलतो, काही प्रसंग आकड्यापायी कधी घडतच नाहीत, आणि रशियातील झारशाहीचे पतन 'पाथ्स ऑफ ग्लोरी'त आपोआप येत नसून त्याची पूर्वतयारी खेळाडूसच करावी लागते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. खेळागणिक त्याचे प्रमाण निराळे पडते.

तिसरा आक्षेप पूर्वज्ञानाचा असून तो बहुधा सर्वांत गंभीर आहे. अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून दक्षिणेची वाट रोखणार हे आधीच ठाऊक असलेला माणूस भाऊसाहेबांच्या जागी बसला, तर तो पानिपतावर अडकून पडेलच कशाला? मुरलेल्या खेळाडूस जोडीतील सगळे पत्ते पाठ असतात. कोणते पडून गेले, कोणते अजून गठ्ठ्यात आहेत, याचा तो हिशेब ठेवतो. आणि ज्या अनिश्चिततेसाठी पत्ता आणला ती त्याच्यापुरती संभाव्यतेच्या गणितात रूपांतरित होते. नवखा खेळाडू इतिहासपुरुषासारखा चाचपडतो, मुरलेला मात्र पत्त्यांच्या डावातील पटाईतासारखा खेळतो. सरावाने खेळाची खोली वाढते पण साम्य घटते, अशी ही विचित्र स्थिती आहे. समर्थक म्हणतात की ज्ञान दोघांनाही सारखेच असल्यामुळे अन्याय होत नाही. परंतु आक्षेप अन्यायाचा नसून साम्याचा आहे, आणि त्यास हे उत्तर पुरे पडत नाही.

चौथी भूमिका पत्ता कोणाच्या डोळ्यांनी लिहिला आहे हे विचारते. 'ट्वायलाइट स्ट्रगल'मध्ये हिंदुस्थान-पाकिस्तान युद्धाचा पत्ता आहे. तो कोणीही टाकू शकतो. कोणी कोणावर चढाई करावी हे टाकणाराच ठरवितो. फासा टाकावयाचा, शेजारी देश प्रतिपक्षाच्या अमलाखाली असतील तर तितके गुण वजा करावयाचे, आणि चार ते सहा उरले की विजय. विजयाचे फळ दोन गुण, आणि पराभूत देशातील प्रतिस्पर्ध्याचे सारे वजन आपल्या नावावर. आपल्या देशाने लढलेल्या युद्धाचा निर्णय दोन परक्या महासत्तांपैकी एकीच्या हातातील पत्त्याने लागावा, आणि अलिप्ततेच्या धोरणास स्वतःची अशी एकही चाल नसावी, हे मराठी वाचकास खटकल्यावाचून राहणार नाही. परंतु रचनाकारांची बाजूही समजून घेतली पाहिजे. शीतयुद्धाच्या काळात त्या दोन राजधान्यांतून जग जसे दिसे, एक देश कलला की शेजारचाही कलणार ही तेव्हाची जी धारणा होती, तीच आपण जाणूनबुजून नियमांत उतरविली, तीतील काही भाग उघडउघड खोटा आहे हे ठाऊक असतानाही उतरविली, अशी कबुली त्यांनी खेळासोबतच्या टिपणात दिलेली आहे. भ्रमाचे यथार्थ चित्रण हा खेळाचा दोष मानावा की गुण, याविषयी मतभेद आहेत. मात्र ते टिपण न वाचता केवळ पत्ते खेळणारास हा भेद जाणवेल याची शाश्वती नाही. हा प्रश्न पत्त्यांपुरता मर्यादितही नाही : आफ्रिकेच्या युरोपीय वाटणीवरील एक नियोजित खेळ जीएमटीने २०१९ साली टीका झाल्यानंतर मागे घेतला.

६. पर्यायी रचना

या आक्षेपांना वादातून जेवढी उत्तरे मिळाली त्यापेक्षा अधिक नव्या खेळांतून मिळाली, हे या क्षेत्राचे वैशिष्ट्य आहे. रिचर्ड बोर्ग यांनी २००४ सालच्या 'मेमॉयर ४४' आदी खेळांत पत्त्यास केवळ हुकमाचे रूप दिले : डावी बगल, मध्य किंवा उजवी बगल यांपैकी कोठे किती तुकड्यांनी हलावे इतकेच पत्ता सांगतो, इतिहास सांगत नाही. हर्मन यांनी 'एम्पायर ऑफ द सन' या पॅसिफिक युद्धावरील २००५ सालच्या खेळात षट्कोनी नकाशा व पत्ते यांचा मिलाफ करून जुन्या रीतीचे भौगोलिक काटेकोरपण टिकविले. मॅट कॅल्किन्स यांचा २०११ सालचा 'सेकिगाहारा' जपानमधील १६०० सालच्या यादवीवर आहे, आणि त्यात फासा नाहीच. तेथे पत्ता म्हणजे सरदाराची निष्ठा : ज्या घराण्याची पलटण लढवावयाची त्या घराण्याच्या चिन्हाचा पत्ता हाती असावा लागतो, आणि शत्रूने निष्ठेची परीक्षा पाहिली तर ऐन लढाईत पलटण फितूर होऊ शकते. पत्त्यांच्या टंचाईस ऐतिहासिक कारण कोणते, या आक्षेपाला इतके नेमके उत्तर अन्यत्र क्वचित आढळते.

व्होल्को रुन्के यांनी २०१२ सालच्या 'अँडियन अबिस'पासून बंडाळी व तिचा बंदोबस्त या विषयावरील जी खेळमाला सुरू केली तीत हातच नाही. पत्ते सर्वांसमोर उघडले जातात, आणि पुढचा पत्ताही दिसत असतो. ही माला मुख्यत्वे चौघांसाठी आहे, परंतु ब्रायन ट्रेन यांचा अल्जीरियाच्या युद्धावरील 'कलोनियल ट्वायलाइट' हा २०१७ चा खेळ दोघांचा आहे. त्याच मालेत २०१९ साली ब्रूस मॅन्सफील्ड यांचा 'गांधी' आला. त्यात ब्रिटिश राज, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि क्रांतिकारक असे चार पक्ष असून अहिंसक प्रतिकारास पटावर स्वतःच्या चाली मिळाल्या आहेत. तिसऱ्या पक्षास स्थान द्यावयाचे तर दोघांचे मेज मोडावे लागते की काय, अशी शंका हे उदाहरण उत्पन्न करते. खुद्द गुप्ता व मॅथ्यूज यांनी २०२० साली 'इंपीरियल स्ट्रगल' हा १६९७ ते १७८९ या काळातील ब्रिटन व फ्रान्स यांच्या स्पर्धेवरील खेळ काढला तेव्हा चालीचे बळ पत्त्यांवरून काढून दोघांसमोर उघड मांडलेल्या चकत्यांवर ठेवले, आणि प्रसंगांच्या पत्त्यांस दुय्यम जागा दिली. ज्यांनी हातातील पत्त्यांची दुविधा लोकप्रिय केली त्यांनीच तिच्यापासून एक पाऊल मागे घ्यावे, ही लक्षणीय घटना आहे. पेशवाईचे बहुतेक शतक सामावणाऱ्या या खेळात हिंदुस्थान येतो तो मात्र त्या दोन सत्तांच्या चढाओढीचा एक प्रदेश म्हणूनच.

७. अनिर्णित प्रश्न

न सुटलेल्या प्रश्नांत पहिला तोलाचा आहे. इतिहासात जे पक्ष समबल नव्हते त्यांना पटावर समान संधी द्यावी काय? 'ट्वायलाइट स्ट्रगल'मध्ये सोव्हिएत बाजू किंचित वरचढ पडते असा अनुभव आल्याने सामन्यांत अमेरिकेस आरंभी जादा वजन देण्याची वहिवाट पडली. स्पर्धेच्या दृष्टीने हे न्याय्य आहे. परंतु अशा दुरुस्त्यांनी खेळ जसजसा समतोल होतो तसतसा तो ज्याचे चित्र रेखाटतो त्या असमतोल काळापासून दूर जातो काय, हे ठरविण्याची सर्वमान्य कसोटी नाही.

दुसरा प्रश्न प्रामाण्याचा. एखाद्या खेळाने युद्धाचे कारण बरोबर ओळखले की नाही, हे कसे तपासावे? डावाचा शेवट इतिहासाप्रमाणे झाला म्हणून रचना खरी ठरत नाही, आणि निराळा झाला म्हणून खोटीही ठरत नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील प्राध्यापक फिलिप सेबिन यांनी विद्यार्थ्यांना स्वतः साधे युद्धखेळ रचावयास लावण्याचा उपक्रम केला, आणि २०१२ सालच्या 'सिम्युलेटिंग वॉर' या ग्रंथात त्या अध्यापनरीतीचे विवेचन केले. खेळण्यापेक्षा खेळ रचण्यात गृहीतकांची झडती अधिक कसोशीने होते, हा विचार या प्रश्नाच्या उत्तराकडे जाणारी वाट दाखवितो. परंतु रचनाकार न होता केवळ खेळणारास हा लाभ कसा मिळावा, हे त्यातून सुटत नाही.

तिसरा प्रश्न तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे ज्यांच्या भूमीवर युद्ध झाले पण ज्यांना मेजावर हात मिळाला नाही त्यांचा. दोघांच्या खेळाची सारी धार त्याच्या द्वैतात आहे. ते सैल केले तर धार बोथट होते, न केले तर जग दोघांच्याच मालकीचे दिसते. पूर्वज्ञानाचा आक्षेपही अद्याप तसाच उभा आहे. पत्त्यांची संख्या वाढविणे किंवा प्रत्येक डावास जोडीतील काही पत्ते आधीच वगळणे, हे उपाय त्याची तीव्रता कमी करतात, मूळ नाहीसे करीत नाहीत.

८. समारोप

आरंभी ज्या न दिसणाऱ्या तिसऱ्या माणसाचा उल्लेख केला तो आता ओळखू आला असेल. राइसविट्झच्या खोलीतील पंच घरगुती मेजावर येऊ शकला नाही. त्याच्या जागी आलेला तक्ता काही लपवू शकत नव्हता. म्हणून खेळाच्या रचनाकाराने आपले निवाडे आगाऊ लिहून, पिसून, पेटीत भरून पाठविले. पत्त्यांचा जोड हा असा अनुपस्थित पंच आहे. अनिश्चितता परत आणणे हे त्याचे मोठे कार्य, आणि समोर बसलेल्या पंचास कारण विचारता येत असे तसे याला विचारता येत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. समर्थक व आक्षेपक यांच्यातील बहुतेक वाद या दोन विधानांच्या मध्ये कोठे तरी बसतात.

आपल्याकडे इतिहाससंशोधक राजवाडे यांनी अस्सल कागद आणि बखर यांतील अंतर दाखवून दिल्यापासून बखर वाचण्याची रीत पालटली. बखर टाकून दिली गेली नाही. ती कोणी लिहिली, केव्हा लिहिली आणि कोणासाठी लिहिली हे विचारून ती वाचली जाऊ लागली. पत्त्यांच्या जोडीसही हीच रीत लावावी असे या आढाव्याअंती वाटते. 'पाथ्स ऑफ ग्लोरी'त सर्वांत लहान सोंगटी एका कोअरची असते. डिव्हिजन तीहून लहान. जनरल टाउनशेंडच्या हाताखालची सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियात कुत येथे डिसेंबर १९१५ पासून वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शस्त्रे खाली ठेवली. सुमारे १३,००० माणसे कैदेत गेली, आणि त्यांत मराठा पलटणीही होत्या. युरोपाच्या नकाशावर खिळलेल्या खेळाडूने सहावा पत्ता पश्चिम आघाडीवर खर्च केला आणि मेसोपोटेमियाला या पाळीस काही उरले नाही, असे डावात नेहमी घडते, आणि ते बरेचसे खरेही आहे. दूरच्या राजधान्यांत त्या आघाडीचा हिशेब असाच मागाहून होत असे. पेचाचे हे सत्य पत्ता सांगतो. त्या पेचाची किंमत कोणी मोजली हे सांगावयास त्यावर जागा नसते, आणि म्हणून डाव संपवून नकाशाची घडी घालताना, जी सोंगटी पाळीमागून पाळी न हलता राहिली तिच्यात कोण होते हे विचारण्याचे काम खेळणाराकडेच उरते.